एका गल्लीचं विरजण

उज्ज्वला रणवरेच्या घरात दूध कधी मोरीत ओतलं गेलं नव्हतं. नासलं तर साखर घालून आटवायचं, साय साठली तर लोणी काढायचं, उरलं तर विरजण लावायचं. म्हणून त्या सकाळी नवऱ्यानं औषधाची पूड घातलेला दुधाचा पेला तोंडालाही न लावता परत केला, तेव्हा तिनं जे केलं ते फलटणातल्या कुठल्याही बाईनं केलं असतं.

"मळमळतंय. आज नको," विलासराव म्हणाले आणि कुशीवर वळले.

"अहो, पूड घातलीये त्यात!"

"दुपारी दुसरी पुडी घेतो. ने बाई तो पेला, वास नको मला दुधाचा."

उज्ज्वला पेला घेऊन स्वयंपाकघरात आली. कालच्या दुधाला विरजण लावायचंच होतं. तिनं पेलाही दही लावायच्या मातीच्या सटात रिता केला, वर झाकण ठेवलं आणि कणीक मळायला बसली.

आता तो पेला केवढा, आणि त्यातून झालं केवढं! पण आधी ती पूड काय होती ते सांगायला हवं. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं, बाईनं दुधात विषबिष कालवलं की काय.

विलासराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली होती. झडप चांगली, टकटक वाजायची. पण धातूवर रक्ताची गुठळी धरते, आणि ती गुठळी मेंदूकडे सरकली की माणूस एका अंगानं लुळा पडतो. म्हणून अशा माणसाला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्माच्या लागतात. त्या गोळ्या मोठ्या लहरी. मेथी-पालक जास्त खाल्ला की त्यांचा जोर कमी, तापाचं औषध घेतलं की जोर जास्त. एकदा त्या गोळ्यांनी विलासरावांचं रक्त इतकं पातळ केलं की दुपारभर नाकातून धार लागली, अंगावर काळेनिळे डाग उठले, आणि उज्ज्वला एकामागून एक पंचे पिळत बसली. त्या दुपारची धास्ती दोघांच्याही मनातून कधी गेली नाही.

पुण्याच्या धमनी संशोधन केंद्रानं यावर तोड काढली होती. तिथले जीवशास्त्रज्ञ आणि हृदयाचे डॉक्टर कित्येक वर्षं एकत्र खपले होते. जळू चावली की जखम वाहत राहते, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं एक प्रथिन असतं. त्या प्रथिनाचं जनुक त्यांनी उचललं, माणसाच्या आतड्यातून रक्तात उतरेल असं थोडं बदललं आणि दह्याच्या जिवाणूत नेऊन बसवलं. जिवाणू पोटात मुक्काम करणार आणि रोज मोजकं औषध तिथंच तयार करणार. रक्त तपासायच्या चकरा नकोत आणि मेथीची भीतीही नको. आता हे औषध तालुक्यातालुक्यातल्या निवडक रुग्णांना घरी देऊन पाहणं चाललं होतं, आणि विलासराव त्यांतले एक होते.

या जिवाणूला लगामही ठेवलेला होता. केंद्राचे डॉक्टर ईशान केळुसकर घरी आले होते तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं होतं. "काकू, हा घोडा फक्त आमच्या हातचा चारा खातो. पुडीबरोबर ही जी पांढरी गोळी आहे ना, तो त्याचा चारा. तसला चारा जगात दुसरीकडे कुठे मिळत नाही. गोळी बंद केली की दोन दिवसांत घोडा खलास. पण एक लक्षात ठेवा, ही पूड घरात दुसऱ्या कुणीही घ्यायची नाही. तसं झालं तर काकांना चाचणीतून काढावं लागेल."

उज्ज्वलानं मान डोलावली होती. आणि खोटं कशाला बोला, दुसऱ्या दिवशी सटाचं झाकण उघडताना तिला ते आठवलंही. पण दह्यात कुठं गोळी होती? दोन दिवसांत मरणारच होता घोडा. शिवाय दही असं लागलं होतं की सुरीनं कापावं! कवडी पडत होती कवडी, आणि आंबट म्हणाल तर नावाला नाही. तिनं बोटावर घेऊन चाखलं आणि पुढच्या दिवसासाठी त्यातलंच विरजण काढून ठेवलं.

घरचं दही चांगलं लागलं आणि गल्लीला कळलं नाही, असं झालंय कधी? आधी समोरच्या शिर्केकाकू वाटी घेऊन आल्या. "अगं उज्ज्वला, कसलं गं विरजण हे? आमचं मेलं पाण्यासारखं सुटतं." मग मोहित्यांची सून आली, मग कोपऱ्यावरच्या तांबोळीभाभी. महिन्याभरात लोहार गल्लीत जो तो उज्ज्वलाचंच दही खात होता. तिलाही बरं वाटायचं. नवऱ्याच्या आजारपणात ज्या बायकांनी डबे पोचवले, त्यांना आपल्या घरातून काहीतरी जातंय याचं समाधान होतं.

एकच घर वगळून. भिंतीला भिंत लागून असलेलं थोरल्या जावेचं, मंदाक्कांचं. त्याही एकदा वाटी घेऊन आल्या होत्या, पण दिवे लागल्यावर. तिन्हीसांजेला घरातलं विरजण बाहेर देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. उज्ज्वला म्हणाली, "अक्का, उद्या सकाळी देते हं." मंदाक्कांना ते लागलं. "मी काय परकी आहे? सगळ्या गल्लीला वाटतेस, आणि मला मुहूर्त सांगतेस?" त्या रिकामी वाटी घेऊन गेल्या त्या गेल्याच. सकाळी उज्ज्वला स्वतः विरजण घेऊन दारात उभी राहिली, तर आतून कडी. तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला. धुणं वाळत घालतानासुद्धा दोघी एकमेकींकडे पाठ करायच्या.

केतकी बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तिला आठवा संपत आला होता. एकुलती एक लेक. जावई नौदलात, बोटीवर कुठंतरी लांब. आल्या दिवसापासून पोरीला दहीभाताचे डोहाळे. "आई, तुझ्या दह्यापुढे हॉटेलातलं काही लागत नाही बघ!" म्हणत ती दोन वेळा वाटी चाटूनपुसून खायची, आणि उज्ज्वला कौतुकानं आणखी एक पळी वाढायची.

ओटी भरली त्या दिवशी कासारीण बांगड्या भरायला आली. हिरव्या बांगड्या चढताना केतकीचा हात जरा दाबला गेला. संध्याकाळी तिच्या मनगटाभोवती निळा-जांभळा पट्टा उठला होता.

"काय गं हे?" उज्ज्वलानं विचारलं.

"बांगड्या भरताना झालं असेल. दुखत नाहीये." केतकी हसली. "काल दात घासतानाही रक्त आलं. गरोदरपणात येतं म्हणे, मी वाचलंय."

उज्ज्वलानं तिचा हात दिव्याखाली ओढला. तो निळा-जांभळा रंग तिनं आधी पाहिला होता. नाकातून धार लागली होती त्या दुपारी, नवऱ्याच्या दंडावर.

रात्रीची भांडी तशीच ठेवून तिनं विलासरावांना गच्चीवर बोलावलं आणि सगळं सांगितलं. पेला, सट, केतकीचं मनगट. त्यांनी ऐकून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "कुणाला बोललीस?"

"तुम्हालाच पहिल्यांदा. डॉक्टर केळुसकरांना फोन लावू या का?"

"लावशील तर मला चाचणीतून काढतील."

"अहो, पण पोरगी..."

"पोरीला दही देणं बंद कर. दोन दिवसांत मरतं ना ते? डॉक्टरच म्हणाले. मग फोन कशाला? बाळंतपणाला अजून तीन आठवडे आहेत." विलासरावांनी तिचा हात धरला.  "उज्ज्वला, मला परत त्या गोळ्यांवर जायचं नाही. ते रक्त तू पुसत होतीस, पण नाकातून माझ्या वाहत होतं. मी घाबरतो गं. तुझ्या पाया पडतो, बोलू नकोस."

तीस-बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं "घाबरतो" हा शब्द उच्चारला नव्हता. उज्ज्वलानं फोन लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सटातलं दही मागच्या आळ्यात पुरलं, सट उकळत्या पाण्यानं तीनदा धुतला आणि केतकीला सांगितलं की विरजण बिघडलं. आणि वाट बघायला लागली.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती केतकीच्या पाठोपाठ बेसिनपाशी जाऊन उभी राहिली. पोरीनं चूळ भरली. पाणी लालच.

चौथ्या दिवशीही लाल. गुडघा पलंगाच्या कडेला लागला तर पेरूएवढा डाग उठला. उज्ज्वलाला घास गिळेना. घोडा मेला नव्हता. चारा नसताना तो कशावर जगतोय, हे तिला कळत नव्हतं, आणि ज्यांना विचारायचं त्यांना विचारता येत नव्हतं. उद्या सांगू, उद्या नक्की सांगू, असं ती रोज स्वतःला बजावत होती आणि रोज नवऱ्याचं तोंड बघून गप्प बसत होती. याला भित्रेपणा म्हणतात, आणि तिला ते माहीत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला केतकीनं हाक मारली. "आई! पाणी गेलं गं!"

दोन आठवडे आधीच.

डॉक्टर फरीदा आतारांचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून. केतकीचा स्वतःचा जन्मही त्यांच्याच हातचा. त्यांनी तपासलं, हसून केतकीचा गाल थोपटला, "अगदी वेळेवर आलीस. सगळं नीट होईल," म्हणाल्या आणि परिचारिकेला सुई लावायला सांगितलं. सुई टोचली त्या जागेवरचा कापूस उज्ज्वला बघत राहिली. कापूस लाल झाला. बदलला, दुसराही लाल झाला.

"डॉक्टर," उज्ज्वला म्हणाली, "जरा बाहेर या."

विलासराव दारातच उभे होते. त्यांनी मान हलवली. नको. उज्ज्वलानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांतली भीती बघून तिला त्यांची कीव आली, रागही आला. ती त्यांना वळसा घालून पुढे गेली.

"तिच्या पोटात यांचं औषध गेलंय. माझ्या हातनं गेलंय."

आतारबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी केळुसकरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून डॉक्टर म्हणाले, "अशक्य आहे, मॅडम. दही बंद करून पाच दिवस झाले, आणि गोळी तर तिनं कधीच घेतली नाही. आम्ही हे प्रयोगशाळेत हजारदा तपासलंय. दुसरं काहीतरी कारण असेल."

"असेल," आतारबाई म्हणाल्या. "थांबा फोनवर."

तालुक्याच्या गावात साप चावलेला माणूस आला की एक सोपी चाचणी करतात. कोरड्या काचनळीत त्याचं थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही आणि मग नळी तिरकी करून बघायची. निरोगी रक्ताचा तोवर घट्ट गोळा होतो. आतारबाईंनी केतकीचं रक्त घेतलं, नळी टेबलावर उभी केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. उज्ज्वला उभी राहिली. आत केतकी कळ आली की "आई गं" म्हणत होती, आणि तिला आत जायचं धाडस होत नव्हतं.

वेळ झाली. आतारबाईंनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं काठाला आलं.

"गोठलं नाही," त्या फोनवर म्हणाल्या. मग केळुसकरांचा आवाज आला, बारीक. "काकू, दह्यात तुम्ही फक्त आमची पूड घातली होती? की घरचं विरजणही होतं?"

"घरचं होतं की. सासूबाईंच्या वेळेपासूनचं."

"अरे देवा." त्यांनी श्वास घेतला. "आम्ही तो जिवाणू एकट्याला, निर्जंतुक दुधात ठेवून पाहिला होता. घरच्या विरजणात कितीतरी जातींचे जिवाणू असतात. रोज नवं दूध, रोज नवी पिढी. आणि जिवाणू एकमेकांना जनुकं देतात काकू, तुम्ही वाटीत विरजण देता तशीच. आमच्याकडून जळवेचं जनुक तुमच्या घरच्या जिवाणूनं घेतलं. त्याला आमच्या चाऱ्याची गरज नाही. तो दुधावर जगतो, पोटात जगतो, कुठेही जगतो." ते थांबले. "माझ्या लक्षात यायला हवं होतं. दही घरी कोण लावतं, हे आमच्यातल्या कुणी विचारलंच नाही."

"ते राहू द्या!" आतारबाई कडाडल्या. "उतारा आहे का तुमच्याकडे?"

"आहे. आत्ता ड्रोननं पाठवतो, तासाभरात पोचेल. मीही निघतो. पण त्याचा परिणाम थोडाच वेळ टिकेल, कारण पोटातला जिवाणू नवं औषध बनवतच राहणार. तेवढ्यात बाळ बाहेर यायला हवं. आणि ताजं रक्त तयार ठेवा. गोठणारं रक्त."

केतकीचा गट बी निगेटिव्ह. बारामतीच्या रक्तपेढीत त्या गटाची पिशवी नव्हती. साताऱ्याहून मिळेल म्हणाले, पण घाटात दरड कोसळली होती, गाडीला तीन तास तरी लागणार होते. विलासरावांनी भिंतीला टेकून एकामागून एक फोन लावले. आणि लोहार गल्ली धावून आली. म्हणावं तर याला म्हणावं शेजार! शिर्केकाकूंचा मुलगा शटर ओढून आला, मोहित्यांची सून ओल्या हातानं आली, तांबोळीभाभींनी दोन्ही मुलांना पुढे घातलं. ज्यांचा गट जुळत नव्हता तेही आले आणि फाटकापाशी उभे राहिले. "काकू, काळजी करू नका. लागेल तेवढं काढा!"

गट जुळणारे चौघं होते. आतारबाईंनी चौघांचं थोडं थोडं रक्त चार नळ्यांत घेतलं. सगळ्यांना वाटलं, ही नेहमीचीच तपासणी. उज्ज्वलाला मात्र तेव्हाच शंका आली. ती ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि प्रत्येकाच्या हातात तिला आपली वाटी दिसत होती.

उतारा आला. केतकीला आत नेलं. जाताना ती म्हणाली, "आई, तू का रडतेस? मला होतंय, तुला नाही." उज्ज्वलाला तिच्या कपाळावरून हात फिरवण्यापलीकडे काही करता आलं नाही.

आतारबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चार नळ्यांचा स्टँड होता. त्यांनी पहिली नळी तिरकी केली, दुसरी केली, तिसरी केली, चौथी केली. चारही नळ्यांत रक्त डुचमळत होतं.



"तुमच्यापैकी उज्ज्वलाताईंच्या घरचं दही कोण कोण खातं?" आतारबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग उज्ज्वलाकडे. शिर्केकाकूंनी आपल्या मुलाचा दंड घट्ट धरला, त्याला आत्ताच काहीतरी होणार असल्यासारखा. मोहित्यांची सून हळूच आपल्या हिरड्यांवरून जीभ फिरवत होती. "म्हणजे माझ्या पोराचं परवा रक्त थांबत नव्हतं ते..." तांबोळीभाभी एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी तोंडावर पदर धरला. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर उज्ज्वलाला सोसलं असतं.

आतून परिचारिका धावत आली. "मॅडम! मुलगी झाली, पण रक्त थांबत नाहीये!"

उज्ज्वला रस्त्यावर पळाली. चपला दवाखान्यातच राहिल्या. आपल्या दाराशी न थांबता तिनं शेजारचं दार दोन्ही हातांनी बडवलं.

"अक्का! अक्का, दार उघडा!"

मंदाक्कांनी कडी काढली. साठीला आलेल्या, अंगानं दणकट. दरवर्षी शिवजयंतीच्या शिबिरात रक्त द्यायच्या, ओ निगेटिव्ह म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवायचे, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

"अक्का, केतकी मरतेय. गल्लीत सगळ्यांच्या रक्तात माझं पाप गेलंय. तुम्हाला दिलं नाही, तुमच्या एकट्यांच्या नाही. मी तुमच्या पाया..."

"पाया काय पडतेस, चल!" मंदाक्का म्हणाल्या. त्यांनी गॅसही बंद केला नाही.

त्यांची नळी वीस मिनिटं ठेवायला वेळच नव्हता. आतारबाईंनी काचेवर एक थेंब घेतला, सुईच्या टोकानं ढवळला. जरा वेळानं टोकाला लाल धागा आला. "गोठतंय! घ्या आत!" मंदाक्का खाटेवर आडव्या झाल्या, मूठ उघडझाप करत राहिल्या आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "केतके, घाबरू नको गं! मोठी काकी आहे!"

केतकी वाचली. संध्याकाळी साताऱ्याची गाडी आली, केळुसकरही आले, उताऱ्याचे आणखी दोन डोस दिले. मुलगी लहानखुरी, पण तिचं रक्त तपासलं तर नळीत कसा छान गोळा झाला.

पुढचे दिवस गल्लीला जड गेले. केंद्राची माणसं पांढरे झगे घालून घरोघर फिरली. सट, गाडगी, फ्रिजमधल्या वाट्या, सगळं नेलं. सासूच्या, आजेसासूच्या वेळेपासूनची विरजणं होती ती. बायका डोळे पुसत देत होत्या. सगळ्यांना पोट साफ करणारी औषधं झाली, सगळ्यांच्या नळ्या परत परत तपासल्या. केळुसकर प्रत्येक दारात एकच विचारायचे, "हे विरजण तुम्ही पुढे कुणाला दिलं?" उज्ज्वलानं बोटांवर मोजून एकूण एक नाव सांगितलं. शिर्केकाकू मात्र मान खाली घालून म्हणाल्या, "आम्ही नाही बाई कुणाला दिलं."

पुड्यांची चाचणी बंद झाली. विलासराव परत गोळ्यांवर आले. ते उज्ज्वलाशी कामापुरतं बोलायचे. एकदा मात्र नातीला मांडीवर घेऊन बसले असताना तिच्याकडे न बघता म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस." तेवढंच.

महिना झाला. केतकीचं रक्त आता ठीक होतं. उज्ज्वला विकतचं पाकिटातलं दही आणायची, तेही केतकीला द्यायच्या आधी दोनदा हुंगायची. एक दिवस दिवे लागता लागता दारात मंदाक्का उभ्या राहिल्या, हातात झाकलेली वाटी.

"घे," त्या म्हणाल्या. "तिन्हीसांजेला देत नाहीत म्हणे. मी देतेय. बघू, कुठली लक्ष्मी जाते ती!"

उज्ज्वलाला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. तिनं झाकण काढलं. वाटीत पांढरंशुभ्र, घट्ट दही. सुरीनं कापावं असं.

"कवडी बघ कशी पडते!" मंदाक्का कौतुकानं म्हणाल्या. "माझं विरजण त्या झगेवाल्यांनी तुमच्याबरोबर नेलं ना, उगीचच. म्हणून परवा माहेरी भैरववाडीला गेले होते तिथनं आणलं. भावजय म्हणाली, गावात सगळ्यांकडे हेच आहे. शिर्केकाकूंची लेक तिथंच दिलीय ना, तिनं माहेराहून नेलं होतं पहिल्यांदा. तिकडं कुणाला काही बाधलं नाही बघ. आता बोलायचं नाही हं कुणाला. सासरी बोभाटा नको म्हणून शिर्केकाकू गप्प बसल्या होत्या बिचाऱ्या."

उज्ज्वलाच्या हातातली वाटी जड झाली. आत केतकी बाळाला थोपटत गुणगुणत होती. दारात अक्का उभ्या होत्या, ज्यांचं रक्त केतकीच्या अंगात फिरत होतं, आणि त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याला दह्याचा बारीकसा ठिपका होता. परवापासून खात असणार. उज्ज्वलाला क्षणभर वाटलं, वाटी घ्यावी, हसावं, मागच्या आळ्यात नेऊन पुरावी आणि गप्प बसावं. अबोला नुकता सुटलाय.

"अक्का, आत या," ती म्हणाली. तिनं वाटीवर झाकण परत ठेवलं. "बसा इथं. मी डॉक्टरांना फोन लावते. पण आधी मला सांगा, भैरववाडीहून आणलेलं हे विरजण तुम्ही आणखी कुणाकुणाला दिलंत?"

"अगं, सगळ्यांचीच विरजणं गेली होती ना! कोण नाही म्हणेल?" मंदाक्का खुशीत हसल्या आणि एकेक बोट दुमडत नावं सांगायला लागल्या. बोलता बोलता एका हाताची बोटं संपली, तेव्हा त्यांनी दुसरा हात पुढे केला.